बिनबुडाचं

आधी भाकऱ्यांनी सांगितलं.
कडक होता होता त्यांना धुराचा वास बसायला लागला.
मंगळवार पेठेतल्या दुकानदारानं चाळीस परत धाडल्या,
"अक्का, शेंगाचटणीसंगं धूर कोण खातंय?"
मग नागेश गच्चीवर जाऊन बघून आला.
धुराडं वरून फाटलंय,
भेगेत पिंपळ आहे, करंगळीएवढा.

सासऱ्यांनी बांधलेलं हे, लिंबय्या बोगांनी,
सुताला रंग चढवायला.
खाली तांब्याची कढई, पलीकडं दोन माग,
आणि दारातल्या गटारीचं पाणी
सोमवारी जांभळं, गुरुवारी मिरचीसारखं लाल.
माग भंगारात गेले. कढई मोडीत गेली.
धुराडं कुठं घालणार?
त्याच्या पायाशी मी तीन चुली मांडल्या.

सिद्रामप्पा गवंडी आला,
कमरेला थापी, डोक्याला आमच्याच गल्लीतला टॉवेल.
वर बसून एकेक वीट बोटाच्या पेरानं वाजवली,
डॉक्टर छाती वाजवतो तशी.
"चार थर सुटल्यात. खालचं लोखंड हाय."
जुना चुना चुरून हुंगला.
"गुळाचं पाणी घातलंय ह्यात. आता कोण घालतंय!"
पिंपळ उपटताना कानडीत काहीतरी पुटपुटला,
माफी मागितली असावी.

टोकाला काजळीनं काळंठिक्कर झालेलं ते टोपडं
खाली आणून धुतलं तर मडकं निघालं.
बूड काढलेलं, पालथं बसवलेलं,
एका अंगाला चिरलेलं.
पन्नास वर्षं मी त्याच्याखाली राबले
आणि ते मडकं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"पैप टाकू की, अक्का. शिमिटाचा. स्वस्तात पडतंय."
मला काय झालं कोण जाणे.
म्हटलं, मडकंच बसव.

नागेशनं कुंभाराकडून नवं आणलं,
लालभडक, टिचकी मारली की घुमणारं.
सिद्रामप्पानं हातात घेतलं, फिरवलं, खाली ठेवलं.
"नांदत्या घरात नवं मडकं मी फोडणार नाही."

नागेशनं मान वळवली.
त्यानं फोडलंय एकदा,
खांद्यावर घेऊन, तीन फेऱ्या, मागं न बघता.
बायका तिथवर जात नाहीत.
त्या दिवसाचा मला फक्त उंबरा माहीत आहे.

मी पदर खोचला.
मडक्यात ओली वाळू ठासून भरली,
फळीवर पालथं घातलं
आणि खिळ्यानं बुडाभोवती टोचत गेले,
टिक, टिक, भाकरीच्या कडेनं बोटं फिरतात तशी,
गोल, घाई न करता.
किती वेळ गेला कळलं नाही.
मग आवाज बदलला.
बशीएवढी खापरी सुटून हातात आली,
कुठं तडा नाही.

सिद्रामप्पा काही बोलला नाही.
माल कालवायला लागला.

चार थर नव्यानं बसले, वर मडकं,
त्याच्या गळ्याभोवती चहूकडून उतार,
"पाण्याला टेकायला जागा ठिवायची नाही."
वरून ओलं गोणपाट, आणि ताकीद:
तीन दिवस चूल पेटवायची नाही.

पहिल्या दिवशी गॅसवर भात.
दुसऱ्या दिवशी पण भात.
तिसऱ्या दिवशी शेजारची अंबुबाई हळूच दाराशी आली,
पदर तोंडाशी धरून,
"चूल बंद दिसतीय. कोण गेलं ओ?"
"कुणी नाही. धुराडं वाळतंय."

चौथ्या दिवशी नागेशनं खाली तुराट्या पेटवल्या.
मी गच्चीवर.
आधी मडकं नुसतंच बसून राहिलं,
मग खोकल्यासारखा एक काळा लोळ,
मग पांढरी, सरळ रेघ.
लांब मिलचं धुराडं उभं होतं,
त्याच्या तोंडावर एक घार बसलेली, निवांत.

मंगळवारात साठ भाकऱ्या दिल्या.
दुकानदारानं एक मोडली, हुंगली,
"वास गेला की! काय केलं?"
मी सांगितलं सगळं, पिंपळापासून खापरीपर्यंत.
तो पैसे मोजता मोजता हसला,
"काय तरी बिनबुडाचं सांगताय, अक्का."
"हो," म्हटलं. "तेच."